मूठ

आपल्या भाषेत वस्तू धरायच्या जागेला किती नावं आहेत! जात्याला खुंटा, कुदळीला दांडा, कोयत्याला मूठ, कढईला कान, झाकणाला गुंडी. ज्याने कुणी पहिला कोयता घडवला, त्याने पात्याइतकाच विचार मुठीचा केला असणार. पातं झाडाला लागायचं असतं, मूठ माणसाला. भाषाशास्त्राच्या सरांनी या शास्त्रविहीन चिंतनाबद्दल क्षमा करावी. पण गेलं वर्षभर मी अभ्यासक्रमातल्या कुठल्याही शब्दापेक्षा 'मूठ' या एका शब्दाचा जास्त अभ्यास केला आहे. त्याला कारण झालं एक यंत्र. त्या यंत्राला भिंग होतं, चाकं होती, दिवे होते, फक्त मूठ नव्हती.

ते यंत्र म्हणजे आबांचा कॅमेरा.

आबा म्हणजे माझे आजोबा. १९७५ साली ते नोकरीला कुवेतला गेले. त्या काळी कोकणातल्या किती तरी घरांतून कुणी ना कुणी आखातात जात होतं आणि सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डर, कापडं, अत्तराच्या बाटल्या घेऊन येत होतं. आबांनी आपल्या पहिल्या सुट्टीत आणला तो कॅमेरा. याशिका इलेक्ट्रो ३५, जीएसएन. हे मॉडेल १९७३ साली बाजारात आलं होतं. रुपेरी अंग, काळं चामड्यासारखं आवरण, ४५ मिलीमीटरचं भिंग आणि वजन पाऊण किलोच्या घरात. आजी अजून सांगते, "पिशवी उचलली तर ही जड! मला वाटलं, सोनंबिनं आणलंय की काय. उघडून बघते तर हा डबा."

या 'डब्या'ची जात रेंजफाइंडरची. ज्यांनी फक्त मोबाइलवर फोटो काढले आहेत, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. या कॅमेऱ्यात आपण भिंगातून बघत नाही. वरच्या बाजूला एक छोटी खिडकी असते, तिच्यातून बघतो. त्या खिडकीच्या मध्यावर एक पिवळसर चौकोन दिसतो आणि त्या चौकोनात समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, एकमेकींपासून जराशा सरकलेल्या. डाव्या हाताने भिंगाभोवतीचं कडं फिरवत जायचं. दोन प्रतिमा जवळ जवळ येतात आणि एका क्षणी एकच होतात. ती एक झाली की अंतर बरोबर जुळलं. मग उजव्या हाताच्या बोटाने बटण दाबायचं. आत आरसा वर-खाली होत नाही, म्हणून धक्काही बसत नाही. आवाज म्हणाल तर सुपारी फुटल्याचाही नाही.

म्हणजे डावा हात कड्यावर, उजवा हात बटणावर. आता प्रश्न असा की, कॅमेरा धरायचा कुणी?

हा प्रश्न मला पडायच्या आधीची एक गोष्ट सांगते. २२ जुलै २०२१ या दिवशी आमच्या चिपळुणात काय झालं, ते या अंकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. वाशिष्ठी आमच्या घरात शिरली तेव्हा आम्ही पाच माणसं माळ्यावर बसलो होतो. खाली कपाट होतं आणि कपाटात आबांचे सगळे आल्बम होते. कुवेतच्या नोकरीची वर्षं, बाबांचं बारसं, आत्याचं लग्न, आणि दर सुट्टीत काढलेले आजीचे फोटो. तिसऱ्या दिवशी चिखलातून ते आल्बम काढले, तेव्हा त्यांची पानं एकमेकांना चिकटून लगदा झाली होती. निगेटिव्ह एका बिस्किटाच्या डब्यात होत्या. त्या डब्यात नुसता गाळ निघाला. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी तो डबा नळाखाली धुतला आणि उन्हात पालथा घातला.

कॅमेरा माळ्यावर होता, म्हणून तो वाचला.

दोन वर्षांनी मी बारावी झाले, कला शाखेत आले, तेव्हा आबांनी तो कॅमेरा माझ्या हातात दिला. "घे. माझ्या हातात आता राहत नाही तो." मला वाटलं, बोलायची पद्धत आहे. ते शब्दशः खरं होतं, हे कळायला मला वर्ष लागलं.

कॅमेऱ्याचा जुना सेल पाऱ्याचा होता. तसले सेल आता मिळत नाहीत. त्याच्या जागी बसेल असं एक नळकांडं आणि त्यात घालायचे नवे छोटे सेल बाबांनी मागवून दिले, आणि यंत्र सुरू झालं. पण पहिल्याच आठवड्यात गोवळकोटच्या बुरुजावर तो माझ्या हातातून सुटला. गळ्यात पट्टा होता म्हणून वाचला. माझा हात लहान. तळवा जरा घामाचा. कॅमेऱ्याची दोन्ही टोकं गोटीसारखी गुळगुळीत. त्याच संध्याकाळी मी ठरवलं, याला मूठ लावायची.

मग मला असं दिसलं की, या जातीच्या कॅमेऱ्यांना मूठ नसणं हा विसरभोळेपणा नाही. लायकाचा जनक ऑस्कर बार्नाक. त्याचा कॅमेरा १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला. त्यामागची कल्पनाच मुळी अशी की, जड पेटी आणि तिपाई घरी ठेवावी आणि कॅमेरा खिशात घालून हिंडावं. खिशात जायचं तर अंगावर उंचवटा नको. तेच सपाट, गोल टोकांचं रूप पुढे सगळ्या रेंजफाइंडरांनी घेतलं. कॅमेऱ्यांना भरदार मूठ फुटली ती नंतर, १९८० च्या दशकात, जेव्हा फिल्म पुढे सरकवायला मोटर आली आणि मोटरसाठी सेल ठेवायला जागा लागली. म्हणजे ती मूठ हातासाठी जितकी, तितकीच सेलांसाठी. आमच्या याशिकाचा एवढासा सेल बिचारा पोटातच मावत होता.

मूठ हवी तर ती बाहेरून लावायला हवी. दिवाळीची ओवाळणी साठवली होती, ती घेऊन मी मामाबरोबर मुंबईला फोर्टातल्या बोरा बाजारात गेले. तिथे आणि मोबाइलच्या पडद्यावर मी जे जे पाहिलं, ते इथे सांगते. पुढेमागे कुणाला उपयोग होईल.

पहिला प्रकार अर्ध्या चामडी कवचाचा. कॅमेऱ्याचं खालचं अंग त्यात बसतं, पुढे बोटांसाठी जरासा फुगवटा असतो. दिसायला देखणा. पण कॅमेऱ्याच्या तळाला सेलचं झाकण आहे आणि फिल्म परत गुंडाळताना दाबायचं बटणही तिथेच आहे. दर रोलला कवच उतरवायचं. शिवाय आमच्या पावसाळ्यात चामड्यावर बुरशी चढते, ती वेगळीच.

दुसरा प्रकार बाजूच्या दांड्याचा. पूर्वी लग्नातले फोटोग्राफर फ्लॅश लावायला वापरायचे तो. तळाशी पट्टी आणि डाव्या बाजूला उभा दांडा. दुकानदार म्हणाले, "एकदम मजबूत आहे, ताई." मजबूत होता यात शंका नाही, कुत्रंही हाकलता आलं असतं! पण डाव्या हाताने दांडा धरला, तर कडं कोण फिरवणार? लग्नातल्या फोटोग्राफरला ते चालत असे. तो अंतर आधीच लावून ठेवायचा आणि फ्लॅश बाकीचं सांभाळायचा.

तिसरा प्रकार अंगठ्याच्या आकड्याचा. फ्लॅश बसवायच्या खाचेत तो सरकवायचा, मग मागच्या बाजूला अंगठा टेकायला एक वाकडी पट्टी मिळते. डिजिटल कॅमेऱ्यांवर तो फार शोभतो, कारण त्यांना फिल्म ओढायचा खटका नसतो. आमच्या कॅमेऱ्यात नेमका तिथूनच खटका फिरतो. जुन्या लायकावाल्यांनी यावर फुकटचा उपाय काढला आहे. तो खटकाच किंचित बाहेर ओढून ठेवायचा आणि त्याच्यामागे अंगठा अडकवायचा.

चौथा प्रकार तळपट्टीचा. कॅमेऱ्याच्या बुडाला स्टँड लावायचं भोक असतं, त्यात स्क्रूने पट्टी आवळायची आणि तिच्याच पुढच्या टोकाला उभी मूठ. मला हा पटला. पण जे मिळत होतं ते दुसऱ्या कॅमेऱ्यांच्या मापाचं होतं आणि दुसऱ्यांच्या हातांच्याही मापाचं. मी एक धरून पाहिली; माझी करंगळी अधांतरी राहिली. लायकाच्या एम कॅमेऱ्यांना तर यातही गोम आहे. त्यांची फिल्म बुडातून भरतात, म्हणून पट्टी दर रोलला काढावी लागते. आमच्या याशिकाची पाठ दारासारखी उघडते, तेवढं आमचं सुख.

पाचवा प्रकार मनगटात अडकवायच्या दोरीचा. ती मूठ नव्हे. पण कॅमेरा पडणार नाही एवढं अभय ती देते. ती मी घेतली. बाकीचे पैसे परत आणले.

"घरीच करू," मामा म्हणाला. "कोकणात काय लाकडाला तोटा आहे?"

आमच्या आळीत एक सुतारकाका आहेत. देव्हारे आणि पाट करतात. त्यांच्यासमोर मी कॅमेरा ठेवला. त्यांनी तो हातात घेतला नाही, आधी हात धुऊन आले. मग उलटा करून तळाच्या भोकात बराच वेळ बघत राहिले. "दोन सूत," ते म्हणाले. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच. मी हुशारी करून येताना सहा मिलीमीटरचा बोल्ट आणला होता. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलीमीटर, एवढ्याशा फरकाने काय होतंय, असं मला वाटलं. बोल्ट दीड फेरा गेला आणि अडला. मी जोर लावणार, तोच काकांनी माझं मनगट धरलं. "पोरी, आटे मोडशील. याचे आटे इंचाला वीस. तुझ्या बोल्टाचे वेगळे." स्टँडच्या या भोकाला पाव इंची, वीस आट्यांचा स्क्रू लागतो; हे माप जगभर चालत आलं आहे आणि आमच्या बाजारपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानातही तो सहज मिळाला. काकांनी तो कापून आखूड केला. भोक खोल नसतं. लांब स्क्रू आवळला तर तो कॅमेऱ्याच्या पोटात घुसायचा.

श्रावण चालू होता. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून मी मूठभर शाडू आणला आणि काकांच्या सांगण्यावरून तो माझ्या उजव्या हातात दाबला. बोटांचे चार पन्हळ स्वच्छ उमटले. त्यावरून काकांनी फणसाच्या लाकडाची मूठ कोरली. पटाशी, मग कानस, मग पॉलिश पेपर. एकाच स्क्रूवर बसलेली पट्टी गरगर फिरते, म्हणून मागच्या कडेला त्यांनी दोन सूत उंचीचा काठ ठेवला. कॅमेऱ्याची पाठ त्याला टेकली की पट्टी जागची हलत नाही. सेलच्या झाकणाखाली आणि त्या बटणाखाली दोन भोकं पाडली. लाकडाचा ओरखडा उठू नये म्हणून वर देवाच्या आसनाचा उरलेला मखमली तुकडा चिकटवला. मी कॅमेरा उचलला तर तो हातात असा बसला, जणू माझाच पंजा लांब झाला. मी आनंदाने घरी धावत गेले.

ओटीवर आबा बसले होते. "बघा," म्हणून मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी मूठ धरायचा प्रयत्न केला. त्यांचं रुंद बोट माझ्या पन्हळात मावेना. एक बोट उंचवट्यावर राहिलं, दुसरं घसरलं. हात थरथरत होता, आणि घट्ट धरायला गेले तसा जास्तच थरथरू लागला. मग त्यांनी मूठ सोडली, कॅमेरा खालून दोन्ही तळव्यांवर घेतला, बशी घेतात तसा, आणि माझ्याकडे परत दिला.

"छान झाली," ते म्हणाले. "तुझ्या हाताला बसते ना? झालं तर."

आजी आतून सगळं बघत होती. संध्याकाळी भाजी निवडताना ती सहज बोलल्यासारखी बोलली. "पुरानंतर माझा एकही फोटो त्यांच्या हातचा नाही घरात. तुमच्या मोबाइलात आहेत ढिगानं. पण ते तुमचे." आणि थोड्या वेळाने, "दोनदा तू कॉलेजात गेलीस तेव्हा कॅमेरा काढून बसले होते. मला तुळशीपाशी उभी केलीन्. मग म्हणाले, राहू दे."

त्या रात्री मला झोप आली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल; मी झोपले. पण सकाळी उठल्यावर ते वाक्य तसंच उशाशी होतं. बोरा बाजारापासून शाडूपर्यंत मी सगळे प्रश्न विचारले होते. सेल कुठे, स्क्रू केवढा, करंगळी कुठे टेकणार. एक प्रश्न मात्र मी विचारलाच नव्हता: मूठ कुणाच्या हाताची? कॅमेरा मला दिला म्हणजे आबांची गरज संपली, असं मी परस्पर धरून चालले होते.

आणि खरं सांगायचं, तो प्रश्न पडल्यावरही मी लगेच थोर झाले नाही. मूठ माझ्या मनासारखी झाली होती. कॅमेरा पुढची कितीतरी वर्षं माझ्याकडे राहणार होता. आबांना काढायचा होता एखादा फोटो. एका फोटोसाठी ही मूठ मोडायची? मैत्रीण म्हणाली, "स्टँडवर लावून दे ना त्यांना." मी आबांना विचारलं. ते हसले. "स्टँडवर ठेवून मग आजीला त्याच्यासमोर नेऊन बसवायची? मी तिच्यासमोर जाऊन फोटो काढतो, ती कॅमेऱ्यासमोर येत नाही." यावर मला उत्तर नव्हतं.

आबांना आहे तो कंपवात नव्हे, हे डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलं होतं. कंपवातात बहुतेक वेळा हात स्वस्थ असताना हलतो आणि काही करायला घेतलं की कंप कमी होतो. आबांचं उलट आहे. हात मांडीवर असला की शांत; कप उचलला, पेन धरलं की थरथर सुरू. याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. सेकंदाला साधारण चार ते बारा वेळा हात हलतो. काहींना हलक्या भांड्यापेक्षा जड भांडं बरं पडतं, हेही डॉक्टरांनीच सांगितलं होतं, म्हणून आबांचा चहा स्टीलच्या कपात नसतो, पितळेच्या फुलपात्रात असतो. इतकी वर्षं ते फुलपात्र मी रोज विसळत होते!

मी पुन्हा सुतारकाकांकडे गेले. या वेळी आबांना बरोबर नेलं. काकांनी शाडूचा गोळा त्यांच्या हातात दिला. आबांनी तो दाबला आणि सोडला. माझ्या हाताचे चार पन्हळ स्वच्छ उमटले होते. आबांच्या हाताचा नुसता एक रुंद, पसरट खळगा उमटला, कडा पुसलेल्या. आबा जरा ओशाळले. "पुन्हा करू का?"

"नको, हाच बरोबर आहे," काका म्हणाले. गोळा फिरवून फिरवून त्यांनी बघितला. मग म्हणाले, "माझ्या बापाने म्हातारपणी पटाशीच्या मुठीला चिंध्या गुंडाळल्या होत्या. आम्हाला वाटायचं, हाताला लागतं म्हणून. तसं नव्हतं. मूठ बारीक असली की घट्ट धरावी लागते. घट्ट धरली की हात अजून हलतो. मूठ जाड पाहिजे. सैल धरता आली पाहिजे."

त्यांनी फणसाचा नवा तुकडा घेतला. ही मूठ पहिलीच्या जवळजवळ दुप्पट जाड झाली. बोटांचे पन्हळ नाहीतच. एकच पोटासारखा गोलवा, तळवा कुठेही पडला तरी चालेल असा. आणि वजनासाठी? त्यांचा भाचा दाभोळला मासेमारी करतो. जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या त्यांनी मागवल्या, तळपट्टीत भोकं पाडून आत बसवल्या आणि वरून लाकडाच्या खिट्ट्या ठोकल्या. कॅमेरा आणखी जड झाला. मला तो एका हातात पेलेना. आबांनी मात्र उचलला आणि म्हणाले, "हं."

त्या 'हं'चा अर्थ लावायला मी आजीकडे बघितलं. ती हसत होती.

तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. वृंदावन नुकतंच रंगवलेलं, ऊस अजून उभे होते. सकाळचे साडेआठ वाजले असतील. ऊन होतं, पण कोवळं. मी चारशेचा कृष्णधवल रोल भरून ठेवला होता. आजी नेसली होती नेहमीचीच नऊवारी. नवं काही नेसायला तिने साफ नकार दिला.

आबांनी कॅमेरा घेतला, खिडकीतून पाहिलं आणि खाली केला.

"सेल काढ," ते मला म्हणाले.

"आबा, सेलशिवाय मीटर कसं चालेल?"

"मीटर नको. सेल काढला की हा एकच वेग देतो. पाचशे. कुवेतमध्ये एकदा वाळवंटात सेल गेला होता माझा. सगळा रोल तसाच काढला, आणि सगळा आला."

मला हे ठाऊक नव्हतं. हा कॅमेरा विजेवर चालतो. उजेड बघून शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते तोच ठरवतो, अंधारात तर तीस सेकंदांपर्यंतही. पण सेल नसला की त्याच्याजवळ एकच वेग उरतो, सेकंदाचा पाचशेवा भाग. मी मनात हिशेब केला. हात सेकंदाला सहा वेळा हलत असेल, तर एका हेलकाव्याला सेकंदाचा सहावा भाग लागतो. त्या हेलकाव्याचा जेमतेम ऐंशीवा तुकडा शटर बघणार. हात हलत असेल. पण शटरला ते कळायच्या आत ते मिटलेलं असेल. मूठ शोधायला मी मुंबई गाठली, आणि निम्मं उत्तर आबांना चाळीस-पंचेचाळीस वर्षांपासून माहीत होतं! मी त्यांना विचारलंच नव्हतं.

पट्टीच्या भोकातून नाणं घालून मी झाकण फिरवलं आणि सेल काढला. "ॲपर्चर अकरावर ठेव," आबा म्हणाले. "आणि अंतर दहा फूट." अकरावर ठेवलं की दहा फुटांवर लावलेलं भिंग साधारण दोन मीटरपासून जवळजवळ सहा मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट टिपतं. म्हणजे आता कडं फिरवायचं कारण उरलं नाही, आणि डावा हात मोकळा झाला. त्यांनी तो कॅमेऱ्याखाली दिला. उजव्या हाताने मूठ धरली, सैल. मनगटात बोरा बाजारातली दोरी. पाठ ओटीच्या खांबाला टेकली, दोन्ही कोपरं बरगड्यांना लावली. हात थरथरतच होता. मूठ काही हाताची थरथर थांबवत नाही, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवते. पण कॅमेरा हातात राहिला होता.

"अहो, किती वेळ? ऊन लागतंय," आजी म्हणाली.

"तू बोलू नकोस. तोंड वाकडं येतं."

"तुमचा हात हलतोय तो."

"हलू दे."

खट्. मी खटका ओढून दिला. पुन्हा खट्. असे त्यांनी सात फोटो काढले आणि मग खांबाशीच खाली बसले. कपाळावर घाम होता. उरलेला रोल तू काढ म्हणाले. मी काढला नाही. सेल न घालता तसाच गुंडाळून मुंबईला धुवायला पाठवला. एकोणतीस फोटो कोरे गेले. एका रोलच्या किमतीत आमच्या कँटीनमध्ये किती चहा येतो, हे जाणणारे मला वेडी म्हणतील. म्हणोत.

सातांपैकी दोनांत आजीचं डोकं कापलं गेलं होतं. एकात नुसतं वृंदावन आणि आजीचा खांदा. तीन तिरके होते, घर वाशिष्ठीकडे कललेलं. एक मात्र आला. तोही जरा तिरका आहे, पण त्यात आजीच्या चेहऱ्यावरची रेघन्‌रेघ दिसते, आणि ती काहीतरी बोलत असल्याने तोंड वाकडं आलं आहे. आबांनी फोटो बराच वेळ हातात धरला. फोटोही थरथरत होता. मग म्हणाले, "हलला नाही."

तो फोटो आता आजीच्या ट्रंकेत आहे. निगेटिव्ह मी माळ्यावर ठेवली आहे, त्याच बिस्किटाच्या डब्यात.

आता माझ्याकडे दोन मुठी आहेत. पहिली माझ्या हाताला नेमकी बसते. आटे फिरवून ती लावायला एक मिनिट लागत नाही. पण अलीकडे मी ती लावत नाही. कॅमेऱ्याला आबांचीच मूठ असते. ती मला मोठी होते, जड होते, माझी बोटं तिच्या पोटाभोवती पुरती पोचत नाहीत. सुतारकाका म्हणतात, "थोडी उतरवून देऊ का? पाव सूत काढलं तरी तुला बरी पडेल." मी नको म्हणते. कारण महिन्यातून एखाद्या रविवारी, ऊन चांगलं असलं, की आबा ओटीवरून हाक मारतात, "काय गो, रोल आहे का आत?"

रोल असतो. मी सेल काढते आणि कॅमेरा त्यांच्या हातात देते.

(तृतीय वर्ष, कला)